दिवसाचा दिवा

बाबा, आज तुमची तिथी. हे पत्र कुठे पोचायचं नाही, तरी लिहितेय. सकाळपासून तुमचं दुकान डोळ्यांपुढे येतंय, निजामपुऱ्याच्या गल्लीतलं, लूमच्या सुट्या भागांचं. तेलाचा वास, खोक्यात रचलेले लाकडी धोटे, आणि लोडशेडिंगच्या त्या वर्षांत अर्ध्यावर ओढलेलं शटर. लूम बंद पडले की तुमची उधारी बुडायची, आणि तुम्ही ज्यांचं देणं लागत होतात ते मात्र न चुकता यायचे. त्यात विक्रीकराची नोटीस. तुम्ही जेवायला बसलेले असायचात आणि दारात मोटारसायकल थांबली की ताट सरकवून मागच्या दाराने निघून जायचात. मला त्या माणसांचा राग यायचा, आणि खरं सांगू, तुमचाही.

ठाण्याच्या वकीलबाईंकडे आईनेच तुम्हाला ओढत नेलं. मी सोबत होते. "नादारीचा अर्ज करा," बाई म्हणाल्या. "दुकान, माल कोर्टाच्या ताब्यात जाईल, त्यातून ज्याला जे मिळायचं ते मिळेल. पण वसुलीला कोणी दारात येणार नाही. पुढे कोर्टाने मोकळं केलं की उरलेलं देणं सुटेल. कर सुटत नाही, तो फेडावाच लागेल."

"मंग उपेग काय?" तुम्ही विचारलंत.

"दोन ओझी आहेत, त्यातलं एक उतरेल. एक घेऊन माणूस चालू शकतो."

तुम्ही सही केलीत. पण त्याच संध्याकाळी वसुलीचा माणूस भर गल्लीत हसला, "सेठ, अब दिन में दिया जला दो, और आराम करो." पूर्वी दिवाळं निघालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसायचा म्हणे, त्यावरून. घरी येऊन तुम्ही आईला बजावलंत, "पुरता काळोख झाल्याशिवाय देवाला दिवा लावाचा न्हाय. कोनी पायला तं?"

मग कोर्टाचा हुकूम आला. मोटारसायकल यायची थांबली. तुम्ही वडप्याच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून लागलात, पगारातून कराचे हप्ते भरलेत, अगदी शेवटचासुद्धा. मोकळे झालात, बाबा. तरी तिन्हीसांजेला शेजारच्या तुळशीपाशी दिवे लागायचे आणि आपला देव्हारा अंधारात. आई काडीपेटी धरून खिडकीपाशी उभी, उजेड सरायची वाट पाहत. तिला तसं पाहून माझा जीव तुटायचा.

तुम्ही गेलात ते भर दुपारी. उशाशी दिवा लावायचा होता. सगळी आळी दारात जमलेली. आईने काडी हातात घेतली आणि सवयीने बाहेर उन्हाकडे पाहिलं.

"लाव गो, थांबलीस कनाला?" कुणीतरी म्हणालं.

तिने लावला, दार सताड उघडं ठेवून.

आज दुपारी तुमच्या फोटोपुढे मीही दिवा लावला. आधी दार लोटून घेतलं होतं, बाबा.