प्रगतिपुस्तकावरची सही

दि. २ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही, रागावली असशील. मी ठीक आहे. पाणी गाळायची यंत्रं विकायचा धंदा अजून धरून आहे. दारोदार हिंडून पायांचे तुकडे पडतात, पण माणसं जोडली जातात. लाँड्रीत वाफेजवळ फार उभी राहू नकोस, तुला खोकला आहे.

पत्रास कारण जरा घाईचं. आपल्या ठमीच्या नावाने मला सरकारचा बालसंगोपन भत्ता मिळतो, हे तुला बोललो असेनच. आता नवं फर्मान निघालंय. मूल खरंच ज्याच्या देखरेखीत वाढतं त्यालाच भत्ता, आणि तपासनीस बाई घरी येऊन खात्री करणार. शाळेपुरती ती आत्याकडे असते, पण सगळं बघतो मीच, असं मी लिहून दिलंय. बाई सव्वीस तारखेला येतील. सुट्टीच आहे, तेव्हा ठमीला तेवीसच्या गाडीत बसवून दे, आठ दिवसांसाठी.

फॉर्मात बारीकसारीक विचारलंय, तेही उलट टपाली कळव. बुटाचा नंबर, वर्गशिक्षिकेचं नाव, शेवटचं आजारपण, झोपताना काही सवय असल्यास ती. आवडता रंग मी गुलाबी लिहून टाकलाय, मुलींचा तोच असतो.

तू आहेस म्हणून मी निर्धास्त. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
राजा

दि. ७ मे

चि. राजास,
अनेक आशीर्वाद. (हात सवयीने लिहून गेला, आता खोडत बसत नाही.)

तुझं पत्र कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचता टाचता वाचलं आणि एका साहेबांच्या कोटाला दोन नंबर लावून बसले. भत्त्याचं तू मला बोलला नव्हतास. सात वर्षांत एकदाही नाही. ठमीची आई गेली आणि तू तीन वर्षांची पोर माझ्या दारात आणून सोडलीस. दोन महिन्यांत येतो म्हणालास. बरोबर एक फ्रॉक आणि एकच मोजा होता. दुसरा मोजा तू मागाहून पाठवणार होतास. त्या पोरीला सांभाळल्याबद्दल सरकार तुला दर महिन्याला शाबासकी देत होतं, आणि तू ती मान खाली घालून घेत होतास, की वर करून? आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण हा नागोबा बिळात डोकावायलासुद्धा येत नाही.

दिवसभर अंथरुणात लोळायचास म्हणून तुझं नाव राजा पडलं. चारचौघांत हे सांगायला आई लाजायची. मी लाजत नाही.

बुटाचा नंबर विचारतोस! सात वर्षांत ज्याने पोरीला बूट घेतला नाही, त्याला नंबर हवा कशाला? आणि गुलाबी रंग तिला डोळ्यांसमोर नको असतो.

ठमी येणार नाही. अर्ज आता मी करणार. इथल्या कचेरीत जाऊनही आले. खिडकीमागच्या कारकुनाने तीनदा विचारलं की मी मुलीची कोण, आणि तिन्ही वेळा आत्या हे ऐकून पेन खाली ठेवलं. शेवटी म्हणाला, मूल तुम्हीच वाढवता असा शाळेचा कागद आणा. आणते.

लोभ तुझ्याकडे भरपूर आहे, आणखी वाढवू नकोस.

ताई

दि. १२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मी धाकटा, तू बोलणार आणि मी ऐकणार, हे ठरलेलंच आहे. पण शाळेचा कागद तू आणायची गरज नाही. तपासनीस बाईंनी तो आधीच मागवला आणि मला कचेरीत बोलावून माझ्यापुढे ठेवला. पाच वर्षांची प्रगतिपुस्तकं, आणि प्रत्येकावर पालक म्हणून माझी सही! मी चाटच पडलो. मग ओळखलं. सहीखालची रेघ तू माझ्याहून डौलदार मारतेस. बाई खूश झाल्या. इतकं लक्ष घालणारा बाप क्वचित दिसतो म्हणाल्या.

पहिलीत असताना ठमीने मला चिठ्ठी धाडली होती, सही केल्याबद्दल आभार मानणारी. तेव्हा काही उमगलं नव्हतं, म्हणून उत्तर राहून गेलं. आता उमगलं. तू तिला सांगत आलीस की प्रगतिपुस्तक बाबांकडे जातं, बाबा ते वाचतात. मग आता अर्ज करताना त्या सह्या खोट्या होत्या हे कचेरीला सांगशील, पण पोरीला काय सांगशील?

आणि वादच घालायचा असेल तर बाप मी आहे. येऊन तिला कायमची घेऊन जाईन. शाळा इथेही आहेत. तशी वेळ आणू नकोस. तेवीसच्या गाडीची वाट बघतो.

मोठ्या मनाने घे आणि माया पातळ करू नकोस.

तुझा,
राजा

दि. २० मे

चि. राजास,
(आशीर्वाद या खेपेस सोडले आहेत.)

तुझं पत्र तीन दिवस पिठाच्या डब्यामागे लपवलं. घाबरले होते. भत्ता गेला तर गेला, पण तू पोरीला नेशील म्हणून घाबरले, आणि त्याहून जास्त तिला खरं सांगावं लागेल म्हणून. पहिलं प्रगतिपुस्तक आलं तेव्हा वर्गात बहुतेकांच्या बापाची सही होती. ती पुस्तक पोटाशी धरून बसली होती. मी तुझ्या जुन्या पत्राखालची सही गिरवली. म्हटलं, बापाचं एवढं तरी तिच्या वाट्याला येऊ दे. तुझी अब्रू राखायला केलं नव्हतं. ती होती कुठे?

काल संध्याकाळी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. मी अर्ध्यावर होते तोच ती म्हणाली, की हे तिला दुसरीपासून ठाऊक आहे. बाबांचं पत्र यायला चार दिवस लागतात, मग प्रगतिपुस्तक एका रात्रीत जाऊन परत कसं येतं, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मग बोलली का नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, आत्या एवढी जीव लावून सही करते, तिला वाईट वाटलं असतं. राजा, मी ढसाढसा रडले. ही तुझ्या पोटी कशी आली, देव जाणे.

आज दोघी कचेरीत गेलो. साहेबांपुढे कोऱ्या कागदावर तुझी सही दहा वेळा करून दाखवली. खोट्या सहीबद्दल मला लेखी ताकीद मिळाली, ती घेतली. मग साहेबांनी ठमीला एकटीला आत बोलावून विचारलं. ती काय बोलली ते मी विचारलेलं नाही. पण बाहेर आल्यावर त्यांनी तिकडच्या बाईंना फोन लावून सव्वीसची भेट रद्द करवली आणि माझा अर्ज घेतला. मुलीला इथून हलवायचं नाही, असंही त्यावर लिहिलं. तुझ्याकडे सात वर्षांचा खुलासा मागणार आहेत. तो तुझा तूच लिही. खाली सही मी करणार नाही.

खालच्या ओळी ठमीच्या. मी वाचल्या, बदलल्या नाहीत.

ताई

बाबांना नमस्कार.

माझ्या बुटाचा नंबर तीन. नवे बूट आत्याने आणले आहेत, तुम्ही आणू नका. वर्गाच्या बाईंचं नाव आता लागणार नाही. तुम्ही झोपतानाची सवय विचारली होती. आधी दाराची कडी वाजली की मी उठून बसायचे. आता नाही बसत.

ठमी