नलूच्या वाटचं दूध

२१ नोव्हेंबर १९५४

नलूला आज पुन्हा हिंगणघाटच्या डॉक्टरकडे नेलं. दीर बबनराव तिच्या डोक्यावर छत्री धरून बसपर्यंत! धाकटी जाऊ, पण थाट थोरलीचा. छातीचा फोटो काढला म्हणे. मला आश्विनात आठ दिवस ताप होता. सासूबाईंनी गुळवेलाचा काढा पाजला आणि नवव्या दिवशी कापूस वेचायला धाडलं. माझ्या छातीचा फोटो काढावा असं कोणाला सुचलं नाही.

२४ नोव्हेंबर

रोज एक सुई – सहा महिने! एका सुईला चार रुपये, कंपाउंडर घरी येतो त्याचे वेगळे. "काढ्यानं भागत नाही का?" मी विचारलं. हे नुसते म्हणाले, "नाई भागत." एरवी माझी चप्पल तुटली तर दोन दिवस कटकट करतात.

२ डिसेंबर

ओसरीजवळची खोली नलूला. एकटीला! वेगळी ताटली, वेगळा गिलास, रोज दूध, वर अंडी – आमच्या घरात अंडी! गिलास उचलायला गेले तर सासूबाई ओरडल्या, "तिच्या गिलासाले हात लावजो नको!" का? माझ्या हाताला काय खरूज झालीय?

जळते मी. हो, जळते.

३ डिसेंबर

नलूच्या गालांवर लाली आलीय. बसून खाल्लं की येते.

११ डिसेंबर

नलूला दूध संपत नाही. उरलेलं सासूबाई परसातल्या खड्ड्यात ओततात. दूध, मातीत! आणि माझी पाच वर्षांची गुलाब कोऱ्या चहात भाकर बुडवून खाते.

१५ डिसेंबर

सासूबाई शेतात गेल्या की आता गिलास मी रिकामा करते – गुलाबच्या पोटात. नलूला वाटतं, खड्ड्यात ओतते. "जाऊबाई, किती करता माह्यासाठी," म्हणाली. लाज वाटली. थोडीशी.

८ जानेवारी १९५५

सुयांसाठी ह्यांनी माझ्या पाटल्या मागितल्या. माहेरच्या! दिल्या. दिवसभर चुलीशी भांडी आपटली. दूध मात्र गुलाबला चुकवलं नाही.

२९ जानेवारी

गुलाबला खोकला. थंडीचा असेल. तुळशीचा काढा दिला.

१६ फेब्रुवारी

खोकला हटत नाही, संध्याकाळी अंग तापतं. ह्यांना म्हटलं, हिलाही त्या डॉक्टरकडे न्या, की फोटो फक्त नलूचेच निघतात?

ह्यांनी दार लोटून घेतलं. मग सांगितलं. नलूला क्षय आहे. घरात सगळ्यांना ठाऊक, मला सोडून! "शकूची सोयरीक जुळून राह्यली होती. तू माहेरी बोलली असती, मंग गावभर झालं असतं." नणंदेच्या लग्नापायी!

मी दुधाचं सांगितलं. हे उठून गुलाबच्या उशाशी जाऊन बसले. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ फेब्रुवारी

गुलाबचा फोटो निघाला. छातीत डाग आहे. तिलाही सुया हव्यात, आजपासूनच. दोघींच्या सुया घराला झेपणार नाहीत. हे आणि बबनराव ओसरीवर बसून आहेत, एकमेकांकडे न बघता.

२० फेब्रुवारी

कंपाउंडर आला. नलूने दंड पुढे केला नाही. "माह्या राहिलेल्या सुया गुलाबले द्या," म्हणाली. बबनराव उठून बाहेर गेले. नलू माझ्याकडे बघत राहिली.

मी नको म्हटलं नाही.