काळ्या कोटातली मी

१२ मार्च, नागपूर
यादीत नाव आलं. सरकारी लिपिक, मुंबई. सहा वर्षं अभ्यासिकेत खुर्ची झिजवली, त्याचं फळ. गावी, कुहीला, बाबांना फोन केला तर नुसते नाक ओढत राहिले. मलाही रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी तेव्हा अभ्यासिकेच्या कूलरचा पंप खोलून बसले होते.

१५ मार्च
काकांनी कुहीच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. मुंडकं माझं, खाली कोणाचा तरी काळा कोट, आणि पद 'अधिकारी'! नाव मोठं, लक्षण खोटं. "काका, लिपिक आहे मी." तर म्हणतात, "राहू दे वं, लोकायले काय समजते!" हसू आलं, मग संताप.

१९ मार्च
ऊन तापलं. आज सात कूलर. अभ्यासिकेतला दुरुस्त करता करता अख्खी गल्लीच माझ्याकडे यायला लागली. पाणी चढलं, जाळीतल्या भिजलेल्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास सुटला की इतकं बरं वाटतं! यादी पाहून नव्हतं वाटलं. समोरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या साली बी तूच ये." हो म्हणून बसले.

२३ मार्च
रुजू व्हायची शेवटची तारीख ३१. तिकीट ३० चं. "नाही गेले तर? कूलरच दुरुस्त केले तर?" विचारलं, तर ताई फोनवर, "कूलर चार महिन्याचे. मंग पावसाळ्यात काय माशा मारशील?" मोटार रिवाइंडिंग, जळालेल्या मोटारीत नवी तार भरायला, शिकतेय, हे तिला सांगितलंच नाही. का नाही? चोरी केल्यासारखी का वागते मी?

२७ मार्च
कुहीला गेले. एस.टी. नेमकी फ्लेक्ससमोर थांबते. जेवताना बोलून टाकलं, "बाबा, मला नाही जायचं. कूलर-मोटारीचं दुकान टाकायचंय." घास हातातच राहिला त्यांचा. "मंग मी चौकातून कसा जाऊ वं?" एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं. फार वाईट वाटतंय. पण शब्द मागे घेतला नाही.

२९ मार्च
काल नागपूरला परतले. आज सकाळी खोलीच्या दारात बाबा. काखेत फ्लेक्सची गुंडाळी. स्वतः उतरवला, भर चौकात.
"पावसाळ्यात कूलर झाकाले कामी येईल. मजबूत हाय."
"म्हणजे जाऊ नको म्हणता?"
"मी काही म्हणून नाही राहिलो."
चहा घेतला, पुढच्या गाडीने परत.
मुंबईची गाडी उद्याची. बॅग भरलेलीच आहे. फ्लेक्स अंगणातल्या मोठ्या कूलरवर टाकून पाहिला, पुरतो. छापलेला कोट आतल्या बाजूला घ्यावा की बाहेर, फक्त तेवढं ठरायचं राहिलंय.