लाल कड्याचा चेंडू

४ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फुटबॉल क्लबच्या वसतिगृहात सुखरूप पोचलो. खोलीत माझ्यासोबत एक गोलकीपर आहे. आडवा झाला की पाय पलंगाबाहेर, म्हणून त्याचं नाव खांब. पहिल्याच दिवशी मी त्याच्या हातमोज्यांची बोटं आतून शिवून टाकली. आता आमचं झकास जमतं.

आता वाईट बातमी. बावीस पोरांतून चौघं ठेवणार, आणि इथे नुसतं खेळून भागत नाही. संगणकासमोर बसवून डोकंही तपासतात. पडद्यावर आठ चेंडू भिरभिरतात, त्यातल्या चारांवर नजर ठेवायची. त्यात मी पहिला आलो, खोटं नाही सांगत. चाचणीवाल्या मॅडमनी विचारलं, एवढ्या जणांवर एकदम लक्ष ठेवायला कुठे शिकलास. मी म्हटलं, घरी, खोड्या काढताना.

पण दुसऱ्या खेळात माती खाल्ली. निळा चेंडू दिसला की बटण दाबायचं, त्याला लाल कडं असेल तर हात आवरायचा. लाल कडी चाळीस वेळा आली, मी एकतीस वेळा दाबलं. कडं दिसतं गं, पण बोट आधीच गेलेलं असतं. मोठ्या सरांनी आकडा बघितला आणि म्हणाले की मैदानातही याचं हेच. समोरच्याने नुसता खांदा हलवला की हा झेपावतो आणि तो बाजूने निघून जातो. मागच्या फळीत असला गडी म्हणजे सताड उघडं दार.

तीन आठवड्यांनी परत चाचणी, मग सराव सामना, मग निकाल. नाही घेतलं तर बॅग उचलून घरी. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

रागावू नकोस, आणि माया आहे तेवढी तरी राहू दे.

तुझा भुंगा

८ मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

पोस्टमनने तुझं पत्र घड्याळाच्या दुकानात टाकलं, त्यामुळे बाबांनी माझ्याआधी वाचलं. डोळ्याला भिंग तसंच होतं. वाचून झाल्यावर हातातला चिमटा तेवढा खाली ठेवला.

अरे, माझ्याकडे गाडी शिकायला येणारे निम्मे लोक तुझ्याच जातकुळीचे. लाल दिवा दिसत असतो, पाय मात्र ॲक्सिलरेटरवर. त्यांच्यासाठी माझ्या पायाखाली जास्तीचा ब्रेक असतो. तो काही तुला पाठवता येत नाही, म्हणून सोबत एक बंद पाकीट पाठवतेय. चाचणी होईपर्यंत उघडायचं नाही. रोज हातात घे, आणि परत ठेवून दे. हाच तुझा सराव.

जेवत जा वेळेवर. खांबाची माफी माग. इथली काळजी नको, तुझी मात्र आहेच.

ताई

१२ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट उघडलं. आतल्या चिठ्ठीत तू विचारलंयस की जिना चढेपर्यंत तरी थांबलास का. नाही थांबलो. तिसऱ्याच पायरीवर फाडलं. खांब इतका हसला की त्याला कठड्याला धरून बसावं लागलं.

पण नंतर मलाच कसंतरी झालं. ताई, हे हसण्यावारी न्यायचं नाहीये. शाळेत मला कुणी काही समजलं नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. इथून मात्र परत यायचं नाहीये मला. अजून एक पाकीट पाठव, हात जोडतो.

जरा लाजलेला,
भुंगा

१६ मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

सोबतचं पाकीट माझं नाही, बाबांचं आहे. मी म्हटलं की तेही फाडेल तो, कशाला लिहिता. त्यांनी ऐकलं नाही. दुकान बंद करून लिहिलं, स्वतः चिकटवलं, आत काय आहे ते मलाही दाखवलं नाही. मी सांगेन तेव्हाच उघड. बाबांनी याआधी कुणाला पत्र लिहिलेलं आठवतंय का तुला?

तुझ्यापेक्षा जास्त धास्तावलेली,
ताई

२९ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पाकीट अजून बंद आहे. खांब म्हणाला, उजेडात धरून बघू. मी त्याच्या हातून हिसकावलं. मध्यंतरी त्याच्या हेअर ड्रायरमध्ये पावडर भरून ठेवली होती, ती पण मीच काढून टाकली. आठवडाभर मी काही केलं नाही तर खांबाने मला ताप आहे का बघितलं.

चाचणीच्या दिवशी पाकीट मोज्यात घातलं. चाळीसपैकी चौदा चुकले. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्यांदा थोडं सोपं जातंच, फार उडू नकोस, खरं काय ते मैदानात कळेल.

सामन्यात समोर एक चपळ पोरगा आला. त्याने खांदा हलवला. मोज्यात पाकिटाचा कोपरा टोचला, मी हललो नाही. त्याने दुसरा खांदा हलवला. तरी नाही. मग तोच गोंधळला, चेंडू वीतभर पुढे गेला, आणि मी काढून घेतला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा सर बाकावरून उठून उभे राहिले.

निकाल सोबतच्या पाकिटात आहे. रविवारपर्यंत उघडायचं नाही.

भुंगा

२ एप्रिल

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

रविवार गेला खड्ड्यात, मी दारातच फाडलं. आतलं वाचलं: ‘जिना चढेपर्यंत तरी थांबलीस का? घेतलं मला, चौघांत तिसरं नाव, खांबाचं चौथं.’ मी तिथेच पायरीवर बसून रडले. माझा शिकाऊ गाडीत हॉर्न वाजवत बसला होता. बाबांना सांगितलं, तर म्हणाले की त्याला आता पाकीट उघडायला सांग.

तर उघड. आणि आत काय आहे ते ताबडतोब कळव, मला दम निघत नाही.

ताई

६ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

उघडलं. खोलीत एकटा असताना, कात्रीने, नीट. बाबांनी लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो:

‘तू सात वर्षांचा असताना मी एका घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवत होतो. तू टेबलाला नाक लावून उभा होतास. तुला शिंक आली होती. स्प्रिंग बसेपर्यंत तू ती धरून ठेवलीस, डोळ्यांत पाणी आलं तरी. त्यामुळे तुला थांबता येत नाही हे मला कुणी सांगू नये. तुझी ताई म्हणते तू हे पाकीट आधीच फाडशील. मी तिच्याशी पैज लावली आहे. ती हरली तर महिनाभर सकाळी दुकानाचं शटर तिने उघडायचं.’

बाबांना नमस्कार सांग. आणि ताई, शटर डाव्या बाजूला अडकतं, लाथ मारावी लागते.

आता क्लबचा झालेला, तरी तुमचाच,
भुंगा