शेवग्याची अर्धी कापलेली फांदी

मच्छे, रविवार, दिवेलागण

आमच्या शेवग्याचे सुरवंट त्यांच्या अंगणात पडतात म्हणून शेजारचे दत्ताआप्पा दोन वर्षं बोलत नाहीत. सकाळी मी रागानं त्यांच्याकडं झुकलेली फांदी कापायला घेतली आणि हात भरून आला म्हणून अर्धीच सोडली. संध्याकाळी टीव्हीवर शेजाऱ्यांच्या भांडणाचा विनोदी सिनेमा. त्यात एक शेजारी मेला, आमच्या घरचे पोट धरून हसले. मला एकदम आठवलं. ती फांदी!

कंपाउंडपाशी धावले. आप्पा नेमके तिच्याखाली खुर्ची टाकून.

"आप्पा, उठा तिथनं! फांदी पडंल!"

"माझ्या अंगणात कुठं बसायचं ते तुम्ही सांगणार व्हय? न्हाय उठत."

काय करावं या माणसाला? शेवटी ओरडले, "मग बसा तिथंच, हलू नका!"

तसे आप्पा खुर्ची उचलून तरातरा घरात गेले.

फांदी लोंबतेच आहे. उजाडताच उतरवायला हवी. असं उलटं बोलायचं मला रोज थोडंच सुचणार?