माझ्या आजाराचे नाव कोणाला सांगू नये

मी, नूतन खुशाल रामटेके, वय सदतीस, क्रीडाशिक्षिका, राहणार भद्रावती, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मनात राग आहे, पण तो चौदा वर्षे जुना असून पूर्ण विचाराअंती ठेवलेला आहे.

१. भद्रावतीचे दोन खोल्यांचे घर बाबांनी घुग्घुसच्या खाणीत नोकरी करून बांधले. आईच्या मृत्यूनंतर धाकटी बहीण दिव्या हिने हक्क सोडून ते माझ्या नावावर केले. ते घर, बँकेतील ठेव आणि माझी मोपेड दिव्याला मिळावी.

२. प्रफुल येरगुडे, पूर्वी एका दैनिकाचा क्रीडा वार्ताहर, हल्ली स्वतःच्या पोर्टलचा मालक, याला काहीही देत नाही. त्याचे नाव मुद्दाम लिहिले आहे, म्हणजे मी त्याला विसरले असे कोणी समजू नये.

सन २०११ मध्ये नागपूरच्या राज्य स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये मी तिसरी आले. राष्ट्रीय शिबिरासाठी माझे नाव यादीत होते. पत्रकारांसमोर बसले असता प्रफुलने पहिलाच प्रश्न केला, "तुम्हाला सिकलसेल आहे का?"

मी म्हणाले, "हे मी सांगणार नाही. शर्यतीचं विचारा."

खोलीत आणखी आठ-दहा पत्रकार होते. एकानेही त्याला हटकले नाही. सगळ्यांनी खाली मान घालून लिहून घेतले. त्यांनाही काही देत नाही.

दुसऱ्या दिवशी तो भद्रावतीला आमच्या घरी गेला. आई एकटी होती. "नूतनच्या सरकारी कामासाठी ऑफिसातून आलो," असे सांगून त्याने तपासणीचे कार्ड मागितले व फोटो काढला. कार्डावर मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक असल्याचे लिहिले होते. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे त्याच कार्डाच्या मागे मराठीत छापलेले होते. त्याने मागची बाजू वाचली नसेल असे मी मानत नाही. बातमी आली: 'आजार लपवून धावली नूतन'. सोबत कार्डाचा फोटो आणि घरातील सर्वांची नावे.

निवड समितीने मी धावण्यास योग्य असल्याचा डॉक्टरी दाखला मागितला. तो हाती येईपर्यंत शिबिर सुरू झाले होते. वरोऱ्याच्या पाहुण्यांनी दिव्याची सोयरीक मोडली. येताना ते तेच वर्तमानपत्र घेऊन आले होते. दिव्याची तपासणी झाली होती, तिला काहीच नव्हते. ते कोणी छापले नाही.

मी चंद्रपूरला संपादकांकडे गेले. त्यांनी सातव्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली चार ओळी टाकल्या. मथळा होता: 'खेळाडूचा दावा'. प्रफुल जिन्यात भेटला, म्हणाला, "मॅडम, लोकांत जागृती होते ना." जागृतीच करायची होती तर त्याने स्वतःच्या घरचे कार्ड छापायचे होते.

मला काहीच विचारू नये असे माझे म्हणणे कधीच नव्हते. उद्या धावणार का, पाय कसा आहे, हे विचारावे. मी नाही म्हटल्यावर माझ्या आईला फसवू नये.

३. माझी आई कमला त्यानंतर नऊ वर्षे जगली. अनोळखी माणूस आला तर दार लावून घेई. शेवटच्या आठवड्यात तिने मला जवळ बोलावून म्हटले, "नूतन, मी त्याले चहा देल्ला वं." ती ते नऊ वर्षे मनात घेऊन होती. हे प्रफुलला माहीत नाही. दिव्याने हे मृत्युपत्र त्याला वाचायला द्यावे. एवढेच.

४. मी मैदानावर जाणे थांबवल्यापासून प्रफुल पुन्हा फोन करतो. "लोकं दुवा करतील, तब्येतीबद्दल बोला," म्हणतो. मला काय झाले आहे ते दिव्याला आणि डॉक्टरांना ठाऊक आहे. त्यांनी ते कोणालाही सांगू नये. कोणी विचारल्यास 'नूतन वारली, धावपटू होती' असे सांगावे. बुद्धवंदनेच्या वेळी कॅमेरा आत घेऊ नये.

५. माझे स्पाइक्स, स्टॉपवॉच, सरावाच्या वह्या आणि २०११ चे कांस्यपदक सोमारी मंगरू उसेंडी, वनरक्षक, हिला द्यावे. ती गडचिरोलीतल्या सूरजागडकडच्या गावातून वयाच्या सोळाव्या वर्षी माझ्याकडे धावणे शिकायला आली. मला गोंडी येत नव्हती आणि तिला माझे ओरडणे आवडत नव्हते. तरी ती टिकली. माझ्या नावाने कोणाला काही बोलायचे झाल्यास तिने बोलावे. कारण लिहिते.

गेल्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या शर्यतीत सोमारी पुढे होती. मग अचानक मंदावली आणि शेवटचे दोन किलोमीटर चालत आली. प्रफुलने माइक तिच्या तोंडापुढे धरला. "दिवस गेलेत का?"

मी मागे उभी होते. मी पुढे सरकणार इतक्यात ती म्हणाली, "ते मले नाई सांगायचं. दुसरं विचारा."

"नाही तर नाही म्हणा. लपवता काऊन?"

"लपवून नाई राह्यलो. तुमाले सांगून नाई राह्यलो."

कोणी हसले नाही. गडचिरोलीच्या साप्ताहिकाची माधवी नावाची वार्ताहर तिथे होती. तिने वही उघडली आणि मोठ्याने म्हणाली, "ताईंनी उत्तर दिलंय. माझा प्रश्न असा, की चालत का होईना, शर्यत पूर्ण का केली?"

"आमच्या कामावरच्या पोरी शेवटी उभ्या होत्या," सोमारी म्हणाली. "त्यायले म्हटलं होतं, येतो म्हणून."

मग दुसऱ्याने शर्यतीच्या वेगाबद्दल विचारले, तिसऱ्याने सरावाबद्दल. प्रफुलने माइकची वायर गुंडाळली. तो गाडीत बसून निघून जाईपर्यंत मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. त्यानेही मला पाहिले.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली व त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. मन शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराबद्दल त्यात एकही शब्द नाही.

सही: नूतन खुशाल रामटेके

साक्षीदार:
१. झिंगू लच्छू मेश्राम, शेजारी, भद्रावती
२. डॉ. कुलदीप खोब्रागडे, भद्रावती

स्थळ: भद्रावती
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५