लायडनचा उड्डाणपूल

अहो,

प्रिय वगैरे आज लिहिणार नाही. रागात आहे.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. वडे, कढी, खीर, सगळं केलं. पानं वाढून होत नाहीत तोच शेजारच्या शोभाताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सर पुढं गेले वं वहिनी, काय करता!"

पुढं गेले! एवढे दोन शब्द ऐकले आणि माझं डोकंच फिरलं. हातातली कढीची वाटी मी ओट्यावर अशी आपटली की शोभाताई घाबरून मागे सरल्या. त्या बिचारीला काय ठाऊक, ह्या 'पुढं'शी माझं अख्ख्या संसाराचं भांडण आहे? म्हणून आज लिहायला बसले. भांडण तुमच्याशी आहे, तर शोभाताईंवर कशाला काढू?

एक सांगा. तुम्ही कधी माझ्या बरोबरीनं चाललात का हो? लग्न झाल्यावर रामटेकला गेलो होतो. माझी नवी साडी, नव्या चपला, पायाला फोड आलेला, आणि तुम्ही कधीच गडाच्या मध्यावर! तिथून ओरडलात, "मी पुढं होतो, तू ये मागून!" इतवारीत साडी घ्यायला गेलो तरी तेच. गर्दीत तुमचा पांढरा शर्ट शोधत मी मागे मागे. दुसऱ्या बायकांचे नवरे घरून निघताना 'येतो' म्हणतात. तुम्ही आयुष्यभर 'पुढं होतो' म्हणालात. आणि वाट चुकलो तरी कुणाला विचारायचं नाही, कारण भूगोलाच्या मास्तरांचा त्यात अपमान!

आपला अमित तिकडे युरोपात, लायडनला नोकरीला गेला आणि तुम्हाला नवं वेड लागलं. तो म्हणाला, तिकडे शहर दाखवायला गाईड मिळतो. तुम्ही फोनवरच उखडलात. "गाईड कशाले पाहिजे? आपले पाय हायेत न!" मग त्यानं फोनवर पायी फिरायचा एक मार्ग पाठवला. पवनचक्कीपासून निघायचं, जुनं चर्च, नगरपालिकेची जुनी इमारत, छपराचा पूल, गावाच्या मधोमध टेकडावरचा गोल किल्ला, आणि शेवटी एका विणकराचं घर. त्या शेवटच्या नावावर तुमचं बोट थांबलं. "पाह्य वं, तिथंही आपल्यासारखे कोष्टी होते. घराघरात माग. त्यायचं घर आपण पाहून येऊ." तुमच्या वडिलांचा जन्म मागावर गेला, माझं लहानपण सुताच्या कांड्या भरण्यात. मलाही जावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आणि मग ती सकाळची प्रॅक्टिस! साऱ्या मनीषनगरात आपल्याला हसायचे लोक, आठवतं का? लायडनमध्ये धाप लागू नये म्हणून तुम्ही लायडनच आपल्या वस्तीत आणून बसवलं. पाण्याची टाकी म्हणजे पवनचक्की. हनुमान मंदिर म्हणजे चर्च. तर्रीपोह्याचा ठेला म्हणजे नगरपालिका, आणि तिथे थांबायचं नाही, कारण 'तिथं पोहे भेटत नाहीत'. रेल्वेचा अंडरपास म्हणजे छपराचा पूल. उड्डाणपुलाची चढण म्हणजे किल्ला. आणि शेवटचा मुक्काम, विणकराचं घर, म्हणजे आपलंच घर. मी दमून भागून फाटक उघडायची तेव्हा तुम्ही पायरीवर चपला काढून बसलेले. "आली का? उशीर केला वं!" रोज हेच. रोज मला वाटायचं, हातातली पाण्याची बाटली फेकून मारावी.

मारायला हवी होती!

कारण एके दिवशी त्या उड्डाणपुलावर मी तुम्हाला गाठलं. मी, तुम्हाला! तेव्हाच मला कळायला हवं होतं असं लोक म्हणतील, पण नाही, कळायला तुम्हाला हवं होतं. कठड्याला टेकून छाती चोळत उभे होतात. मी विचारलं, "काय झालं जी?" तर म्हणे, "गॅस झाला वं, काही नाही. काल वांग्याची भाजी खाल्ली न."

माझ्या वांग्याच्या भाजीवर ढकललंत! ते मी अजून विसरले नाही. त्यानंतर आठवडाभर मी तुम्हाला ओवा खाऊ घातला, मुगाची खिचडी करून घातली, आणि तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत.

खरं काय ते मला धंतोलीच्या दवाखान्यात समजलं. छातीतली कळ वाढली म्हणून तुम्हाला आत घेतलं होतं आणि तिथला तरुण डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, सरांना मी मागेच सांगितलं होतं, लगेच अँजिओग्राफी करा. ते म्हणाले, युरोपातून आल्यावर पाहू."  म्हणजे तुम्ही एकटेच दवाखान्यात गेलात, एकट्यानं ऐकलंत, एकट्यानं ठरवलंत. तिथेही पुढे! तुमचं काळीज तुमचं एकट्याचं होतं काय हो? त्याच्या भरवशावर मी घर मांडलं होतं ना?

आणि स्ट्रेचरवरून नेताना काय म्हणालात? देवाचं नाव घेतलंत? माझं घेतलंत? नाही. हसून म्हणालात, "मी पुढं होतो, तू ये मागून."

मी काचेच्या दारापर्यंत आले मागून. त्याच्या पुढे मला येऊ दिलं नाही.

त्यानंतर अमित बरेच महिने मागे लागला होता. आई, चल. आई, जागा बदलली की बरं वाटेल. मी नाहीच म्हणत होते. मग ह्या उन्हाळ्यात म्हटलं, का नाही? तुमच्या हट्टापायी लायडन माझ्या पायांना पाठ झालंय, ते फुकट का घालवू? तिकडे गेल्यावर अमित म्हणाला, "मी येतो न सोबत. हरवून गेली तर?" मी म्हटलं, "तू घरी राह्य. तुझ्या बापानं मले हा रस्ता रोज चालवला हाये."

चालले एकटी. फोन पर्समध्ये ठेवून दिला. पवनचक्की दिसली आणि मनात आलं, आली आपली पाण्याची टाकी. चर्चपाशी हात आपोआप जोडले गेले. नगरपालिकेसमोर मात्र मुद्दाम थांबले. बाकावर बसून पिशवीतला चिवडा खाल्ला, सावकाश, तुमच्या नाकावर टिच्चून. कालव्याच्या कडेनं सायकलींची गर्दी, खिडक्याखिडक्यांत फुलं, आणि सगळीकडे दोघं दोघं चाललेली म्हातारी माणसं. एक आजोबा तर आपल्या बायकोच्या बुटाची नाडी बांधायला रस्त्यात वाकले होते. मला त्यांचाही राग आला. खरंच आला.

छपराचा पूल ओलांडला आणि गल्ल्यांत फसले. किल्ला कुठे सापडेना. तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? रस्ता विचारला! पुन्हा तुमच्या नाकावर टिच्चून एका बाईला थांबवलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "फ्लायओव्हर कुठे आहे?" ती बिचारी बघतच राहिली. तिथे कसला आलाय फ्लायओव्हर! मला किल्ल्याचं नावच आठवेना. डोक्यात नुसता उड्डाणपूल. मग हातानं चढण दाखवली, गोल भिंत दाखवली. तेव्हा ती खळखळून हसली आणि कोपऱ्यापर्यंत आली माझ्यासोबत. माझ्या बरोबरीनं चालत! परकी बाई, पण मी हळू झाले की तीही हळू व्हायची. इतकं सोपं असतं ते, तुम्हाला कधीच का जमलं नाही?

टेकडावर चढले. अर्ध्या वाटेत कठड्याला टेकून उभी राहिले, बरोब्बर तुम्ही राहिला होतात तशी. माझ्या छातीत काही दुखत नव्हतं. मी धडधाकट! आणि त्याचाच इतका संताप आला की तिथे मोठ्यानं बोलले, "गॅस झाला म्हणे, गॅस!" एका पोरीनं वळून पाहिलं. पाहू दे.

शेवटी विणकराचं घर. लहानसं, रस्त्याला लागून. दारातून आतला माग दिसत होता आणि त्याच्या बाजूला कांड्या भरायचा रहाट, आमच्या घरी होता तसाच, नुसता जरा उंच. तो पाहून आत जायला मी घाई केली आणि उंबरठ्याशी माझे पाय थबकले. मला सवयीनं वाटलं, तुम्ही तिथे चपला काढून बसलेले असाल. पायरी रिकामी होती. 'उशीर केला वं' म्हणायला कुणी नव्हतं.

आत गेलेच नाही लगेच. त्या पायरीवर बसले आणि रडले. तुमची आठवण येते हो. फार येते. सकाळी फाटकाची कडी वाजली की अजून कान तिकडे जातात. पण ह्यानं राग गेला असं समजू नका. तो आहे, आणि तो माझ्याजवळच राहील.

मग डोळे पुसले, आत गेले, रहाटावर हात ठेवून पाहिला. तिथल्या बाईनं नको म्हटलं नाही. एक कांडी भरली. हात विसरले नव्हते.

आता ऐका. तुम्हाला एक वचन देते. मी मागून यावं म्हणालात ना? येईन. पण माझ्या चालीनं. वाटेत थांबेन, तर्रीपोहे खाईन, अनोळखी लोकांना रस्ता विचारेन, रामटेकला पुन्हा जाईन आणि प्रत्येक पायरीवर बसेन. दुखलं खुपलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाईन आणि अमितला सांगेन. खूप उशीर करणार आहे मी.

तुम्ही बसा पायरीवर, चपला काढून. वाट पाहा.

तुमची,
सुमन